फीत गेली, एम-३० राहिला

स्मरणिका समितीचा निरोप होता, की प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राविषयी काही लिहावे. माझे क्षेत्र सॉफ्टवेअर. बँकेच्या खात्यांचे हिशेब जुळवणारे प्रोग्राम मी वीसेक वर्षे लिहिते आहे, आणि ते कसे लिहितात हे वाचायला लावून मी कुणाच्या संमेलनाच्या आनंदावर विरजण घालणार नाही. त्याऐवजी आपल्या वर्गातल्याच काही जणांच्या प्रोग्रामविषयी लिहिते. दहावीनंतर जे आयटीआयला गेले, मशिनिस्ट, टर्नर, टूल अँड डाय मेकर झाले, त्यांच्यापैकी कितीतरी जण आज एमआयडीसीत सीएनसी आणि व्हीएमसी मशीनवर आहेत. एकदोघांचे स्वतःचे वर्कशॉप आहे. वर्गाच्या ग्रुपवर ‘प्रोग्रामर’ हा शब्द निघाला, की सगळे आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांकडे बघतात, यांच्याकडे कुणी बघत नाही. पण तेही रोज प्रोग्राम लिहितात किंवा दुरुस्त करतात. त्यांच्या प्रोग्रामची वंशावळ आमच्या प्रोग्रामइतकीच जुनी आहे, आणि माझ्या मते जास्त भांडणाची आहे. हा प्रोग्राम लिहायचा कुणी, यावरच ते भांडण होते.

ज्यांना मशीन माहीत आहे त्यांनी पुढचा एक परिच्छेद ओलांडला तरी चालेल. मिलिंग मशीनवर कटर गरगर फिरतो आणि टेबलावर आवळलेला धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, त्याच्यासमोर सरकतो. जुन्या मशीनला टेबल डावी-उजवीकडे सरकवायला एक हँडव्हील असते, पुढे-मागे करायला दुसरे आणि उंचीसाठी तिसरे. सरळ बाजू कापायची तर एक चाक पुरते. तिरकी बाजू हवी असेल तर दोन चाके एकाच वेळी, ठरावीक प्रमाणात फिरवावी लागतात. वळण असेल तर ते प्रमाणही क्षणाक्षणाला बदलते. नववीत भूमितीच्या बाई आलेख कागदावर बिंदू मांडायला लावायच्या ते आठवा. एक्स-अक्षावर इतके, वाय-अक्षावर इतके, मग बिंदू जोडा. हँडव्हीलवर नेमके तेच करायचे असते, फक्त पेन्सिलीच्या जागी पोलाद कापणारा कटर असतो आणि रबर नसतो.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी नावाच्या गावात, दुसरे महायुद्ध नुकते संपलेले असताना. जॉन पार्सन्स यांचा तिथे कारखाना होता आणि ते हेलिकॉप्टरची पाती बनवत. हेलिकॉप्टरचे पाते म्हणजे एक लांबच लांब पंखच. त्याचा आडवा छेद ठरावीक वळणाचा हवा, नाहीतर पाते थरथरते आणि तुटते. ते वळण तपासायला धातूचे टेम्प्लेट लागत. गिऱ्हाइकाकडून ड्रॉइंग यायचे त्यात त्या वळणावरचे फक्त १७ बिंदू दिलेले असत. मधली रेघ ड्राफ्ट्समनने वळणाच्या पट्टीने काढायची, कारागिराने त्यावरून कापायचे आणि कानस मारून गुळगुळीत करायचे. १७ बिंदूंच्या मधे जे काही होते ते हाताच्या सरावावर सोडलेले होते.

पार्सन्सनी १९४६ मध्ये फ्रँक स्ट्युलेन या इंजिनिअरला कामावर घेतले. हिशेबासाठी पंचकार्डांवर चालणारी आयबीएमची यंत्रे तेव्हा कार्यालयांत असत. स्ट्युलेननी तसले यंत्र पात्यांच्या गणितासाठी वापरायला सुरुवात केली. पार्सन्सनी विचारले, १७ ऐवजी २०० बिंदू काढता येतील का? आले. मग त्यांनी जे केले ते मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत आवडते दृश्य वाटते. मशीनपाशी तीन माणसे उभी केली. एक जण कागदावरचे आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा एक्सचे चाक फिरवणार, तिसरा वायचे. आकड्यांची जोडी वाचली, दोन्ही चाके त्या जागी आणली, कटर खाली घेतला, वर उचलला, पुढची जोडी. असे दोनशे वेळा. मधे उरलेले बारीक दात कानशीने घासून टाकायचे. पाढे म्हणावेत तसा हा प्रकार चालला असणार. आज आपण ज्याला सीएनसी म्हणतो त्याचा नमुना हाच. वाचणारा म्हणजे कंट्रोल, कागद म्हणजे प्रोग्राम आणि दोन चाकांवरची दोन माणसे म्हणजे दोन मोटारी. यंत्र यायच्या आधी तो सगळा साचा माणसांनी स्वतःच उभा केला होता. पुढे पेटंट झाले त्यावर नावे पार्सन्स आणि स्ट्युलेन यांची आहेत, चाके फिरवणाऱ्यांची नाहीत.

पार्सन्सना पुढची पायरी दिसत होती. वाचणाऱ्याऐवजी पंचकार्ड आणि चाकांवरच्या माणसांऐवजी मोटारी. विमानेही तेव्हा बदलत होती. जेट विमानांचे पंख पत्रे जोडून करण्यापेक्षा एकाच जाड पाटातून कोरून काढायचे, असे घाटत होते आणि इतके कोरीव काम हाताने करणे परवडणारे नव्हते. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने पार्सन्सना कंत्राट दिले. मोटारी आणि नियंत्रणाचा भाग त्यांनी एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेला दिला. तिथल्या मंडळींना काम आवडले, पण पार्सन्सची कल्पना त्यांना तोकडी वाटली. सुटे बिंदू गाठत जाण्यापेक्षा कटरने एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत अखंड रेघेत कापत जावे, असे त्यांचे म्हणणे. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर होते. पण खर्च वाढला, पैसे संपले आणि पुढचे कंत्राट हवाई दलाने थेट एमआयटीशी केले. पार्सन्स बाहेर. सप्टेंबर १९५२ मध्ये एमआयटीने सिनसिनाटी कंपनीच्या ‘हायड्रोटेल’ मिलिंग मशीनवर जगाला प्रात्यक्षिक दाखवले. नियंत्रणाची कपाटे मशीनपेक्षा जास्त जागा अडवत होती. आत व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि कपाटाला हुकूम देणारी होती भोके पाडलेली कागदाची फीत. पार्सन्सनी त्याच वर्षी मे महिन्यात पेटंटसाठी अर्ज केला होता. ते १९५८ मध्ये मिळाले, आणि १९८५ मध्ये त्यांना आणि स्ट्युलेनना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही मिळाले. उशीर झाला, पण मिळाले.

‘अखंड रेघ’ म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे, कारण प्रोग्रामचे सगळे मर्म तिथे आहे. फितीवर फक्त रेघेच्या टोकाचे आकडे असतात. मधली वाट यंत्र स्वतः पाडते. एक्सच्या मोटारीला एक ढकला, वायच्या मोटारीला एक ढकला, पुन्हा एक्सला, असे हजारो बारीक ठोके देऊन. ठोके इतके बारीक, की रेघ सरळ दिसते. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एक गंमत: संगणकाच्या पडद्यावर तिरकी रेघ काढायची जी रीत आम्हाला कॉलेजात शिकवली, ती आयबीएमच्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ च्या सुमारास कागदावर आकृती काढणाऱ्या प्लॉटरसाठी शोधली. तिरकी रेघ एक्स आणि वायच्या सुट्या पायऱ्यांनी कशी गाठायची, हाच तो प्रश्न.

यंत्र तयार झाले, पण घ्यायला कारखानदार पुढे येईनात. किंमत अवाढव्य होती, आणि दुसरी अडचण होती प्रोग्रामचीच. फितीवर जे आकडे पाडायचे ते कुणीतरी कागद-पेन्सिल आणि टेबलावरचे आकडेमोडीचे यंत्र घेऊन काढायला हवेत. कापायला लागणाऱ्या वेळापेक्षा गणिताला कितीतरी जास्त वेळ जाई. पहिल्या अडचणीवर हवाई दलाने उपाय केला. १९५० च्या दशकाच्या मध्यावर त्याने स्वतःच्या पैशाने शंभरावर मशीन बनवून घेतली आणि विमान कंपन्यांच्या कारखान्यांत बसवली. दुसऱ्या अडचणीवर उपाय निघाला एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ संगणकावर. आधी जॉन रन्यन यांनी बिंदू आणि वेग दिले की फीत आपोआप तयार करणारे छोटे प्रोग्राम लिहिले. मग डग्लस रॉस यांच्या गटाने आख्खी भाषाच रचली. तिचे नाव एपीटी, म्हणजे आपोआप प्रोग्राम होणारी हत्यारे.

एपीटीत आकडे कमी आणि शब्द जास्त. ही रेघ अशी, हे वर्तुळ असे, असे आधी सांगायचे. मग कटरला सांगायचे, या रेघेच्या डाव्या बाजूने जा, वर्तुळ लागले की उजवीकडे वळ. रिक्षावाल्याला पत्ता सांगावा तसे. मधले बिंदू संगणक काढणार. २५ फेब्रुवारी १९५९ ला पत्रकारांसमोर तिचे प्रात्यक्षिक झाले, तेव्हा प्रत्येकाला भेट म्हणून एपीटीने कापलेला ॲल्युमिनियमचा ॲशट्रे दिला. पहिल्या संगणकीय भाषा म्हटले की आम्हाला फोरट्रान आणि कोबोल सांगतात. फोरट्रान १९५७ ची. त्याच काळात धातू कापण्यासाठी एक भाषा घडत होती आणि ती कितीतरी वर्षे कारखान्यांत टिकली, हे कॉलेजात आमच्या कानावरही आले नाही.

पण एपीटीला मोठा संगणक लागे आणि तो बहुतेकांकडे नव्हता. साध्या कामांसाठी लोक फितीवरचे आकडे हातानेच लिहीत राहिले. ते लिहायची जी पद्धत रुळली, तिला अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगांच्या संघटनेने प्रमाणरूप दिले. आरएस-२७४ हे त्याचे नाव. १९८० मध्ये त्याची शेवटची आवृत्ती ठरली आणि १९८२ मध्ये आयएसओ-६९८३ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आले. आपले मित्र ज्याला ‘जी-कोड’ म्हणतात तो हाच. खाली एक अगदी साधा प्रोग्राम देते. ८० मिमी लांब, ५० मिमी रुंद माइल्ड स्टीलची पाटी आहे आणि तिच्या चारही बाजू २ मिमी खोलीपर्यंत फिरून कापायच्या आहेत. कटर १० मिमी व्यासाचा, चार धारांचा. पाटीचा डावीकडचा खालचा कोपरा हा आरंभबिंदू आणि पाटीचा वरचा पृष्ठभाग म्हणजे झेड शून्य. मशीनवर ही अक्षरे इंग्रजीत असतात, इथे देवनागरीत लिहिली आहेत.

%
ओ १००१
एन १० जी २१ जी १७ जी ४० जी ९०
एन २० जी ५४ एस ८०० एम ०३
एन ३० जी ०० एक्स -५.० वाय -१५.०
एन ४० जी ४३ एच ०१ झेड ५०.० एम ०८
एन ५० झेड ५.०
एन ६० जी ०१ झेड -२.० एफ १६०
एन ७० वाय ५५.०
एन ८० एक्स ८५.०
एन ९० वाय -५.०
एन १०० एक्स -१५.०
एन ११० जी ०० झेड ५०.० एम ०९
एन १२० एम ०५
एन १३० एम ३०
%

पहिली ओळ मशीनला सांगते, की मापे मिलिमीटरमध्ये आहेत, काम एक्स-वाय प्रतलात आहे, कटरच्या त्रिज्येची आपोआप भरपाई बंद आहे आणि सगळे आकडे आरंभबिंदूपासून मोजायचे. जी-५४ म्हणजे तो आरंभबिंदू कुठे आहे हे सेटिंग करणाऱ्याने मशीनला आधीच दाखवले आहे. स्पिंडल ८०० फेऱ्यांनी फिरू लागते. जी-०० म्हणजे हवेतून झपाट्याने जाणे, जी-०१ म्हणजे कापत, ठरलेल्या वेगाने जाणे. जी-४३ कटरच्या लांबीचा हिशेब घेते. एम-०८ ने कूलंट सुरू होते, एम-०९ ने बंद.

एक्स उणे ५ का? कारण प्रोग्राम कटरच्या मध्याचा आहे आणि कटरची त्रिज्या ५. कडेला कापायचे तर मध्य कडेपासून ५ मिमी बाहेर हवा. म्हणून उजवीकडे ८० ऐवजी ८५ आणि वर ५० ऐवजी ५५. आणि सुरुवात वाय उणे १५ पासून, म्हणजे कटर पाटीच्या बाहेर, रिकाम्या हवेत खाली उतरतो आणि मग कडेने आत शिरतो. नवशिका जॉबवरच कटर उतरवतो.

८०० आणि १६० हे आकडे कुठून आले, तेही सांगते. हायस्पीड स्टीलचा कटर माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला साधारण २५ मीटर या वेगाने कापतो. २५ ला १००० ने गुणायचे आणि कटरच्या परिघाने, म्हणजे ३.१४ गुणिले १० ने भागायचे. उत्तर ७९६, म्हणून ८००. प्रत्येक धारेने एका फेरीत ०.०५ मिमी धातू घ्यायचा, तर चार धारा, ८०० फेऱ्या, मिनिटाला १६० मिमी. सातवीच्या पुस्तकातल्या परिघाच्या सूत्रावर आजही कोट्यवधींचे उत्पादन चालते, हे गणिताच्या सरांना नक्की आवडेल.

आता या पंधरा-सोळा ओळींकडे इतिहास म्हणून बघा. वर आणि खाली एकेक टक्क्याचे चिन्ह आहे. त्याचा टक्क्यांशी काही संबंध नाही. फीत उलटी गुंडाळताना कुठे थांबायचे याची ती खूण होती. एन-७० ते एन-१०० या ओळींत जी-०१ पुन्हा लिहिलेला नाही, कारण एकदा दिलेला हुकूम दुसरा येईपर्यंत चालू राहतो. फितीवर प्रत्येक अक्षर म्हणजे भोकांची एक रांग. अक्षरे वाचली की फीत वाचते, म्हणून ही काटकसर. आणि शेवटचा एम-३०: प्रोग्राम संपला, फीत मागे गुंडाळा. आज मशीनमध्ये मेमरी आहे, पेनड्राइव्ह आहे, केबल आहे, फीत कुठेच नाही. तरी आपले मित्र प्रत्येक प्रोग्रामच्या शेवटी एम-३० टाकतात आणि मशीन निमूटपणे प्रोग्रामच्या पहिल्या ओळीवर परत येते.

सगळ्याच खुणा अशा निरुपद्रवी नाहीत. दशांशचिन्हासाठीही फितीवर जागा लागते, म्हणून जुन्या पद्धतीत ते लिहीतच नसत. आकडा सर्वांत लहान एककात धरायचा, म्हणजे हजारांश मिलिमीटरमध्ये. ती सवय अनेक कंट्रोलमध्ये अजून शिल्लक आहे. त्यांवर ‘झेड ५.०’ म्हणजे पाच मिलिमीटर, पण नुसते ‘झेड ५’ लिहिले तर पाच हजारांश. सुरक्षित उंचीवर एक टिंब राहून गेले, की कटर जॉबच्या अंगावर टेकल्यासारखाच येतो आणि जी-०० असेल तर तसाच झपाट्याने पुढे जातो. कटर तुटतो, कधी स्पिंडलही जाते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कागदाच्या फितीवर केलेल्या काटकसरीची किंमत आज एखाद्या शिफ्टमध्ये कुणीतरी मोजते आणि दोष ऑपरेटरवर येतो. आमच्या धंद्यातल्या भाषेत याला सदोष रचना म्हणतात. टिंब न दिल्यास मशीनने विचारायला हवे.

आता मूळ भांडणाकडे येते. फितीवरचे आकडे हा एकच मार्ग होता का? नव्हता. १९४६-४७ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिक कंपनीत वेगळा प्रयोग चालू होता. कसबी कारागिराने पहिला जॉब नेहमीसारखा हाताने करायचा, त्याच्या हाताच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जाणार आणि पुढचे जॉब मशीन ती टेप वाजवून करणार. गाणे रेकॉर्ड करावे तसे. इथे प्रोग्राम लिहिणारा म्हणजे खुद्द कारागीर. ही पद्धत मागे पडली आणि फितीवरच्या आकड्यांची पुढे गेली. असे का झाले, यावर डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ मध्ये ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ हे जाडजूड पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आकड्यांची पद्धत जिंकली कारण तिच्यात ज्ञान कारागिराच्या हातून निघून ऑफिसात जात होते. काम किती वेळात व्हावे, कोणत्या वेगाने व्हावे, हे मालकाला फितीवर लिहून ठेवता येणार होते. कारागिराने फक्त जॉब बांधायचा, बटण दाबायचे आणि उभे राहायचे. कुर्ट व्हॉनेगट हा लेखक तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या प्रसिद्धी विभागात होता. तिथे आपोआप चालणारे मिलिंग मशीन पाहूनच त्याला ‘प्लेअर पियानो’ ही कादंबरी सुचली, तीही १९५२ मध्येच आली. तिच्यात कारागिरांची गरजच उरलेली नाही.

नोबल यांचे म्हणणे मला अर्धे पटते. विमानाच्या पंखाचे वळण कुठल्याच हाताने आधी करून दाखवता आले नसते, मग रेकॉर्ड काय करणार? तिथे गणितच हवे होते, पार्सन्सच्या तीन माणसांनी ते दाखवून दिले होते. पण कारखान्यात रोज येणारी साधी कामे, चार भोके, दोन खाचा, एक कड, यांना रेकॉर्डिंग पुरले असते, आणि ते वाढवायला कुणी पैसे दिले नाहीत, कारण पैसे देणाऱ्या हवाई दलाला पंखच हवे होते. कुणाचे काम अडले म्हणून यंत्र बनले, यावरून ते यंत्र कुणाच्या हातात जाणार हे बरेचसे ठरून गेले.

आणि फितीने सगळे ज्ञान नेले असे तरी कुठे झाले? वरचाच प्रोग्राम घ्या. तो व्हाइस कुठे आहे हे सांगत नाही, क्लॅम्पचा बोल्ट किती वर आला आहे हे त्याला ठाऊक नाही. पोलादाचा नवा लॉट जरा कडक आला आहे, कटरची धार संपत आली आहे, हेही त्याला कळत नाही. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला आवाज बदललेला ऐकू येतो. त्याच्या हाताशी फीडचा वेग कमी-जास्त करायची एक गोल कळ असते. फितीच्या जमान्यातल्या कंट्रोलवरही ती द्यावीच लागली. १६० लिहिलेले असताना अनुभवी ऑपरेटर ती कळ ऐंशी टक्क्यांवर ठेवतो आणि कटर वाचवतो. पहिला पीस काढताना तो एकेक ओळ थांबवून थांबवून चालवतो, हात लाल बटणापाशी. ऑफिसात लिहिलेला प्रोग्राम खरोखर पुरा होतो तो तिथे.

१९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि चित्र पालटले. नियंत्रणाच्या कपाटात छोटा संगणकच बसला, एनसीचे सीएनसी झाले. प्रोग्राम मशीनच्या मेमरीत राहू लागला, पडदा आणि कळफलक मशीनवरच आले. जपानमध्ये फुजित्सु कंपनीत सेइएमॉन इनाबा यांनी १९५० च्या दशकापासून हे काम चालवले होते. १९७२ मध्ये त्यातून फनुक ही स्वतंत्र कंपनी निघाली, जिचे नाव आपल्याकडच्या कुठल्याही ऑपरेटरला सांगावे लागत नाही. मुद्दा असा, की प्रोग्राम पुन्हा मशीनपाशी आला. चूक दिसली तर नवी फीत पाडायला ऑफिसात जायला नको. आकडा तिथेच बदलता येतो. काही कारखान्यांत तो बदलू नये म्हणून कंट्रोलला किल्ली लावतात. किल्ली कुणाच्या खिशात आहे, यावरून त्या कारखान्याचा कारभार ओळखावा.

आपल्याकडे हे सगळे उशिरा, पण तयार होऊन आले. बंगळूरला १९५३ मध्ये एचएमटी सुरू झाली आणि १९६० च्या दशकात तिथेच सेंट्रल मशीन टूल इन्स्टिट्यूट उभी राहिली. ही मशीन आयात करणे मात्र १९९१ नंतर सोपे झाले, आणि आपल्या बॅचने दहावी ओलांडली तेव्हा पिंपरी-चिंचवड, भोसरी, कोल्हापूर, नाशिक इकडे ती वर्कशॉपमध्ये दिसू लागली होती. आयटीआयत मात्र बऱ्याच ठिकाणी अजून हँडव्हीलच. त्यामुळे आपल्या वयाचे मशिनिस्ट दोन्ही शिकलेले आहेत. आधी हाताने कानस आणि हँडव्हील, मग नोकरीत, कुणा सीनियरच्या मागे उभे राहून जी-कोड. चाके फिरवणारा आणि आकडे वाचणारा हे दोघे, जे पार्सन्सच्या कारखान्यात वेगळे होते, ते यांच्यात एकच आहेत. आज अवघड पृष्ठभागांचे प्रोग्राम कॅम सॉफ्टवेअर तयार करते, हजारो ओळींचे, आणि ते लिहिणारी पुष्कळ मंडळी कधी कानस धरलेली नसतात. पण बाहेर पडतो तो तोच जी-कोड. त्याच्या जागी नवी पद्धत आणायचा प्रयत्न आयएसओने २००३ च्या सुमारास १४६४९ या प्रमाणाने केला, जॉबचा आकार सांगा आणि वाट मशीनने ठरवावी, अशी. ती शॉपफ्लोअरवर रुजली नाही.

पगारपत्रकावर मात्र जुनी विभागणी टिकून आहे. कॅम चालवणारा ‘प्रोग्रामर’, मशीनवरचा ‘ऑपरेटर’, कितीही प्रोग्राम दुरुस्त केले तरी. नोबल यांचे पुस्तक मी वाचले तेव्हा मला अमेरिकेतले कारखाने कमी आणि आपली वर्गयादी जास्त आठवत होती.

एक विनंती. जुनी मशीन मोडीत निघाली तेव्हा फितींची भेंडोळी कुणीकुणी घरी नेली असतील. कुणाच्या वडिलांच्या पेटीत, कुणाच्या वर्कशॉपच्या माळ्यावर अशी एक इंच रुंदीची भोकांची फीत असेल तर संमेलनाला घेऊन या. ती नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. फितीवर आडव्या आठ जागा असतात. कुठल्याही एका रांगेतली मोठी भोके मोजा, फीत ओढायचे बारीक भोक सोडून. प्रत्येक रांगेत संख्या विषम आली तर फीत जुन्या ईआयए पद्धतीची, सम आली तर आयएसओची. ईआयए असेल तर पहिल्या जागेचे एकटे भोक म्हणजे १, दुसऱ्या जागेचे २, तिसऱ्याचे ४, चौथ्याचे ८. तीनसाठी पहिले आणि दुसरे भोक पाडायचे, पण मग संख्या सम होते, म्हणून पाचव्या जागी एक जास्तीचे. शून्याला सहाव्या जागेचे एकटे भोक. आणि आठव्या जागी एकटेच भोक दिसले तर ती ओळ तिथे संपली.